ओपन सोर्सवर कंपनी काढताना "नंतर बघू" म्हणून सोडलेलं लायसन्स

बीजांकुर (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, बरेच महिने इथे नुसता वाचतोय. आज सल्ला हवाय म्हणून धागा काढतो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही तिघं आहोत. दोन वर्षं नोकरी सांभाळून एक सॉफ्टवेअर लिहितोय. त्याचं काम एकच: डेटाबेसचा बॅकअप खरोखर रिस्टोअर होतो का ते रोज तपासणं. बॅकअप उचलायचा, रिकाम्या मशीनवर उभा करायचा, टेबलं मोजायची, चार ठरलेल्या क्वेऱ्या चालवायच्या आणि मगच हिरवा दिवा लावायचा.

हे सुचलं एका रात्रीमुळे. आधीच्या नोकरीत रात्री अडीचला डेटाबेस गेला. बॅकअपच्या फाइली होत्या, पण उघडल्यावर कळलं की शेवटचे अकरा दिवस डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) मध्येच तुटत होता. स्क्रिप्ट मात्र रोज पहाटे "यशस्वी" असा मेल पाठवत होती. डंपचं आउटपुट थेट जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, पाइप केलेलं होतं आणि शेल फक्त शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड बघतं (शून्य म्हणजे यशस्वी). डंप मेला तरी जीझिपने हातात आलं तेवढं नीट गुंडाळलं आणि शून्य परत केलं. स्क्रिप्टमध्ये मधली कमांड मेली तरी अपयश कळवणारी "पाइपफेल"ची एक ओळ असती तर ती रात्र टळली असती. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

आता कोड खुला (ओपन सोर्स, म्हणजे कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा) करायचाय आणि त्यावर कंपनी काढायची आहे. एका गुंतवणूकदारांशी दोनदा बोलणं झालं, माणूस सरळ वाटला. त्यांचा सल्ला असा: "सध्या अपाची लायसन्स लावा, लोकांच्या हातात जाऊ द्या, वापर वाढू द्या. लायसन्स नंतर आवळता येतं, सगळे तेच करतात." (अपाची म्हणजे कोडचं जवळजवळ काहीही करायची मोकळीक देणारं लायसन्स.)

हे "नंतर" मला झोपू देत नाहीये. कारण मी दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे. आमच्या एका प्रॉडक्टचा कणा म्हणावा असं एक साधन होतं, त्याचं लायसन्स असंच एका सकाळी बदललं. कोड तोच, लोक तेच, फक्त नव्या व्हर्जनपासून नियम वेगळे. आमच्या कायदा विभागाने वापर थांबवायला सांगितलं आणि चार जणांचे सहा आठवडे नुसते ते साधन उपटून दुसरं बसवण्यात गेले. तेव्हा त्या कंपनीला मी मनातल्या मनात जे बोललो, ते उद्या कोणी मला बोलावं असं वाटत नाही.

पण पगारही द्यायचे आहेत. म्हणून विचारतो: सुरुवातीला कोणतं लायसन्स लावावं, आणि पैसा नेमका कशाचा घ्यावा? ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा.

जुनी_वही (सोमवार, रात्री ११.२५)

बरं केलंत विचारलंत. पैसा कशाचा, याचं उत्तर "ओपन सोर्स" या शब्दापेक्षाही जुनं आहे. हा शब्द रूढ झाला १९९८ मध्ये. त्याआधी नऊ वर्षं, १९८९ मध्ये, सिग्नस नावाची कंपनी निघाली होती. चिप बनवणाऱ्यांना आपल्या नव्या प्रोसेसरवर जीएनयू या खुल्या प्रकल्पाचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालवून हवा असे. सिग्नस ते काम पैसे घेऊन करी आणि झालेला कोड खुलाच राही. गिऱ्हाइकाला कोडची मालकी नको होती, काम वेळेत हवं होतं. १९९९ मध्ये, लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर धंदा करणाऱ्या रेड हॅटने ती कंपनी घेतली.

त्या वर्षी या धंद्याला जत्रेचं रूप आलं होतं. ऑगस्टमध्ये रेड हॅटचा शेअर १४ डॉलरला आला आणि पहिल्याच दिवशी ५० च्या वर बंद झाला. डिसेंबरात व्हीए लिनक्सचा ३० डॉलरचा शेअर पहिल्या दिवशी २३९ वर गेला. ही कंपनी लिनक्स भरलेली मशीनं विकायची. दोन वर्षांत तो धंदा बंद झाला. रेड हॅट मात्र टिकली, २०१२ च्या आर्थिक वर्षात तिने १०० कोटी डॉलर उत्पन्नाचा टप्पा ओलांडला आणि २०१९ मध्ये आयबीएमने तिला ३४०० कोटी डॉलरना घेतलं.

का टिकली? २००३ मध्ये त्यांनी फुकटचं रेड हॅट लिनक्स बंद केलं आणि दोन वाटा पाडल्या: फेडोरा समाजासाठी, एंटरप्राइज लिनक्स वर्गणी भरणाऱ्यांसाठी. वर्गणीत काय मिळतं याचं एकच उदाहरण देतो, कारण ते मी हाताने केलेलं आहे.

एप्रिल २०१४, हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष. इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या लायब्ररीत समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवली जात होती. मूळ प्रकल्पाने दुरुस्ती दिली ती १.०.१जी या व्हर्जनमध्ये. आमच्या सगळ्या सर्व्हरवर रेड हॅट ६.५ आणि त्यात १.०.१ई. रेड हॅटने आम्हाला १.०.१जी दिलीच नाही. १.०.१ई तशीच ठेवून लांबी तपासणाऱ्या तेवढ्याच ओळी तिच्यात घातल्या आणि पॅकेजचा शेवटचा आकडा वाढवला. बाकी एक अक्षर हललं नाही. आमचे वरचे प्रोग्रॅम पुन्हा तपासावे लागले नाहीत, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या की काम झालं. स्कॅनर तरीही "ई दिसतंय, धोका आहे" म्हणून ओरडत होता आणि मी साहेबांना चेंजलॉग उघडून दाखवत होतो. याला बॅकपोर्ट म्हणतात. किचकट, कंटाळवाणं काम. कोड सगळ्यांना फुकट होता, पण हा कंटाळा आमच्या वतीने दुसरं कोणीतरी दहा वर्षं सोसतंय, याचे आम्ही पैसे भरत होतो, आणि आनंदाने भरत होतो.

आणि त्याच वेळी मूळ ओपनएसएसएलच्या मागे किती बळ होतं? पूर्णवेळ माणूस एक, वर्षाच्या देणग्या सुमारे २००० डॉलर. हेही विसरू नका. काम कोण करतं आणि पैसा कुठे जमा होतो, या दोन गोष्टी आपोआप एका जागी येत नाहीत.

पायवाट (मंगळवार, सकाळी ७.५०)

जुनी_वही, बॅकपोर्टचं उदाहरण लाखमोलाचं आहे, पण या तिघांना ते लागू पडेल असं मला वाटत नाही. सपोर्ट विकायचा म्हणजे रात्रीचे फोन आले. दहा गिऱ्हाइकं झाली की तिघांतला एक कायम फोनवर, मग कोड कोण लिहिणार? शिवाय सपोर्टच्या धंद्यात एक खोट आहे: सॉफ्टवेअर जितकं सोपं आणि कागदपत्रं जितकी चांगली, तितकी लोकांना तुमची गरज कमी.

आज पैसा आहे तो चालवून देण्यात. मोंगोडीबी बघा. डेटाबेस बनवणारी कंपनी, २००७ ची. २०१६ मध्ये ॲटलस नावाने स्वतःच डेटाबेस क्लाउडवर चालवून द्यायला लागली, २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांनी एजीपीएल (बदल करून सेवा म्हणून चालवणाऱ्यालाही ते बदल खुले करायला लावणारं लायसन्स) सोडून एसएसपीएल हे नवं लायसन्स आणलं. त्याचा रोख उघड होता: आमचा कोड सेवा म्हणून विकाल तर ती सेवा चालवायला लागणारं तुमचं सगळं सॉफ्टवेअर खुलं करा. आयत्या बिळावर नागोबा होणाऱ्या क्लाउडवाल्यांना रोखायचं होतं. पुढे काय झालं? जानेवारी २०१९ मध्ये ॲमेझॉनने डॉक्युमेंटडीबी आणला. त्यात मोंगोचा कोड नाही, फक्त मोंगोशी बोलतात त्याच भाषेत बोलता येतं. लायसन्स कोडवर चालतं, इंटरफेसवर नाही.

मोंगो तरीही वाढली. माझ्या मते ती ॲटलसमुळे वाढली. डेटाबेस ज्यांनी लिहिला तेच तो सगळ्यात चांगला चालवतील, हा लोकांचा विश्वास कामाला आला. बीजांकुर, तुमच्या बाबतीत तर हे आणखी सरळ आहे. रिस्टोअर तपासायला रोज रिकामं मशीन लागतं, ते उभं करून पाडावं लागतं. ती कटकट लोक पैसे देऊन तुमच्या गळ्यात घालतील.

कडेकडेने (मंगळवार, सकाळी ८.१५)

+१. आणि स्वतःच चालवा, भागीदाराला देऊ नका. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते दुसऱ्यांच्या तुटलेल्या डेटातून.

तिसरी_ओळ (मंगळवार, दुपारी १.१०)

मी कंपनीवाली नाही, दुसऱ्यांच्या कोडला पॅच, म्हणजे छोट्या दुरुस्त्या, पाठवणारी आहे. धाग्यात आमची बाजू अजून आली नाही म्हणून लिहिते.

काही वर्षांपूर्वी एका शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम) मला बग सापडला. ज्या देशांत उन्हाळा संपला की घड्याळ एक तास मागे करतात, त्यांतल्या काही ठिकाणी त्या रात्री दीड दोनदा वाजतो. दीडला लावलेलं काम दोनदा चालायचं. एकाच्या खात्यातून रक्कम दोनदा गेली तेव्हा शोध सुरू झाला. माझा पॅच चौदा ओळींचा होता, त्यासोबतच्या टेस्ट नव्वद ओळींच्या. दोन रविवार गेले. पुल रिक्वेस्ट (पॅच घ्या अशी विनंती) टाकली तर बॉटने सांगितलं, आधी सीएलएवर, म्हणजे कोड देणाऱ्याने कंपनीशी करायच्या करारावर, सही करा. मी न वाचता टिचकी मारली. सगळेच मारतात.

त्या करारात लिहिलं होतं की कंपनी माझा कोड तिला हव्या त्या लायसन्सखाली देऊ शकते. दोन वर्षांनी लायसन्स बदललं. माझ्या चौदा ओळी आज अशा व्हर्जनमध्ये आहेत, जी माझ्याच ऑफिसात वापरायला मनाई आहे. कायद्याने त्यांचं काही चुकलं नाही, सही माझीच आहे. पण नंतर त्या प्रकल्पाला मी एक स्वल्पविरामही पाठवलेला नाही.

म्हणून बीजांकुर, "कोणतं लायसन्स" हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: ते बदलायची किल्ली कोणाकडे राहणार? लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) प्रत्येकाच्या ओळींचा हक्क त्याच्याकडेच राहतो. २००४ पासून तिथे सीएलए नाही, "साइन्ड-ऑफ-बाय" अशी एक ओळ आहे, म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे एवढी हमी. २००७ मध्ये कर्नलच्या लायसन्सची, जीपीएलची (कोड बदलून वाटलात तर तोही खुला ठेवा), तिसरी आवृत्ती आली, कर्नल दुसरीवरच राहिलं. लिनक्सचे जनक टोरवाल्ड्स यांना तिसरी पसंत नव्हती हे खरं, पण असती तरी हजारो लोकांची परवानगी गोळा करावी लागली असती. किल्लीचे हजारो तुकडे झालेत, म्हणून माणसं निर्धास्त आहेत.

तुमचे गुंतवणूकदार "नंतर आवळता येतं" म्हणतात, ते फक्त किल्ली एका हातात असली तरच. (अपाचीखाली दिलेला कोड कोणीही बंद प्रॉडक्टमध्ये घालू शकतो, तुम्हीही. म्हणजे अपाची लावली तर तुम्हाला सीएलएचीही फारशी गरज नाही, दार उघडंच आहे. हे त्यांना नक्की ठाऊक असणार.)

बीजांकुर (मंगळवार, रात्री ९.३०)

तिसरी_ओळ, तुमचा प्रतिसाद आमच्या तिघांत मोठ्याने वाचला. कंसातली गोष्ट आमच्या लक्षातच आली नव्हती.

आता एजीपीएलकडे मन झुकतंय: कोणी बदल करून सेवा म्हणून चालवलं तर बदल खुले करावे लागतील. पण मग दोन अडचणी. एक, मोठ्या कंपन्या एजीपीएल बघून पळतात असं ऐकतो. दोन, सीएलए नाही घेतला तर काही भाग पैसे घेऊन बंद ठेवायची वाट आम्हालाच बंद होते, बरोबर ना?

खरेदीखिडकी (बुधवार, सकाळी ९.०५)

पहिल्या अडचणीवर बोलते, कारण मी ज्या टेबलाच्या या बाजूला बसते तिथेच या फाइली येतात. मोठ्या संस्थेत सॉफ्टवेअर निवडणं आणि विकत घेणं माझं काम.

हो, एजीपीएलवर बंदी असणाऱ्या संस्था आहेत. गूगलचं धोरण तर जाहीरच आहे. आमच्याकडे सरसकट बंदी नाही, भेद आहे. आमच्या प्रॉडक्टच्या आत जोडली जाणारी लायब्ररी एजीपीएल असेल तर फाइल तिथेच थांबते. वेगळं बसून चालणारं, आम्ही न बदललेलं साधन असेल तर कायदा विभाग एक प्रश्न विचारतो आणि पुढे पाठवतो. तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रकारचं आहे. सर्व्हर एजीपीएल ठेवा, पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसणारा छोटा एजंट आणि एपीआयची लायब्ररी अपाचीखाली द्या. माझी निम्मी पत्रापत्री वाचेल.

आम्ही पैसे कशाचे देतो तेही सांगते. कंपनीच्या लॉगिनने आत जाता आलं पाहिजे, कोणी कधी काय केलं याची नोंद निघाली पाहिजे, सुरक्षेचा दोष सापडला तर किती तासांत कळवणार हे लेखी हवं, आणि उद्या तुम्ही दुकान बंद केलंत तर आमचं काय याचं उत्तर हवं. शेवटच्या प्रश्नाला ओपन सोर्सवाल्यांकडे बंद सॉफ्टवेअरवाल्यांपेक्षा चांगलं उत्तर असतं. पण जेव्हापासून लायसन्स बदलण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हापासून आमच्या छापील फॉर्ममध्ये एक नवा रकाना आलाय: "कॉपीराइट एका कंपनीकडे आहे की विखुरलेला?" तिसरी_ओळ यांची किल्ली खरेदी खात्यापर्यंत पोचली आहे.

दोन_बाजू (बुधवार, दुपारी १२.४०)

मी गुंतवणुकीच्या कामात होतो, आता नाही. त्या माणसाची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

लायसन्स बदलणाऱ्या कंपन्यांना इथे विश्वासघातकी म्हटलं जातंय असं वाटतं. पण डेटात शोध घेणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकसारख्या कंपनीने शेकडो लोकांना पगार देऊन तो कोड लिहून घेतला. तोच कोड दुसरा, शंभरपट मोठा, आपल्या क्लाउडवर चालवतो आणि गिऱ्हाइकही त्याच्याच खात्यात जमा. पगार देणाऱ्याने काय करायचं? फंडाला ठरावीक वर्षांत पैसे परत करायचे असतात. प्रकल्प विसाव्या वर्षी बहरेल हे त्याच्या कामाचं नसतं. त्यामुळे "आवळा" हा सल्ला दुष्टपणाचा नाही, ती त्या पैशाची चाल आहे. पैसा घेताना हे कळून घ्यावं, एवढंच.

तरीही आवळून साधलं काय, हे बघितल्यावर मी माझं मत बदललं. इलॅस्टिकने जानेवारी २०२१ मध्ये अपाची सोडलं, त्याच वर्षी ॲमेझॉनने ओपनसर्च नावाने फोर्क (त्याच कोडची वेगळी शाखा) काढला. २०२४ मध्ये इलॅस्टिकने एजीपीएलचा पर्याय परत आणला. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये आवळलं. त्याच महिन्यात वाल्की हा फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभा राहिला, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ सोबत एजीपीएल आलं. दोघेही फिरून एजीपीएलपाशी आले. मधल्या काळात एकेक तगडा प्रतिस्पर्धी मात्र स्वतःच्या हाताने जन्माला घातला. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म हे आपलं साधन बीएसएल या मुदतीच्या बंधनाच्या लायसन्सखाली नेलं, त्यातून ओपनटोफू निघालं. ती कंपनी आयबीएमने ६४० कोटी डॉलरना घेतली, म्हणजे गुंतवणूकदारांचं वाईट झालं असं म्हणता येणार नाही. पण ओपनटोफू राहिलंच.

जे दोघे फिरून जिथे आले, तिथून तुम्ही सुरुवातच का करू नये? पहिल्या दिवशी एजीपीएल असेल तर फसवल्यासारखं कोणालाच वाटत नाही. अपाचीवरून तिथे जायचं म्हटलं तर मात्र दिलेलं काढून घेतल्यासारखं होतं.

एक प्रामाणिक वाट आणखी आहे. "हे आज ओपन सोर्स नाही, पण ठरावीक मुदतीनंतर आपोआप होईल" असं आधीच सांगायचं. बीएसएलमध्ये जास्तीत जास्त चार वर्षं, सेंट्री कंपनीच्या एफएसएल या लायसन्समध्ये दोन. मला ते खोटं वाटत नाही, कारण घड्याळ पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसतं. फक्त त्याला ओपन सोर्स म्हणू नये.

पायवाट (बुधवार, दुपारी ३.२०)

दोन_बाजू, यात एक धोका सांगायचा राहिला. एजीपीएल आणि सोबत सीएलए, म्हणजे जगाला बंधन आणि कंपनी मोकळी. मायएसक्यूएल ही डेटाबेस कंपनी याच रीतीने चालायची: जगाला जीपीएल, पैसे देणाऱ्याला वेगळा परवाना, हक्क सगळे कंपनीकडे. २००८ मध्ये सनने १०० कोटी डॉलरना घेतली, २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या पोटात गेली आणि हक्कही तिकडे गेले. मूळ लेखक मोंटी विडेनियस यांना कोड जीपीएलमुळे परत मिळाला, नाव मिळालं नाही. मोठ्या मुलीच्या नावावरून मायएसक्यूएल होतं, फोर्कला धाकटीचं नाव द्यावं लागलं: मारिया.

तेव्हा बीजांकुर, ट्रेडमार्क आत्ताच नोंदवा आणि तो कोणाच्या नावावर राहील हे तिघांनी कागदावर लिहा. सेंटओएसवाले (रेड हॅटच्या कोडवरून फुकट आवृत्ती काढणारे) रेड हॅटचा कोड घेऊ शकत होते, पण त्यावरचं प्रत्येक नाव आणि टोपीचं चित्र त्यांना काढावं लागत होतं. कोड सगळा देऊन टाकल्यावर तुमच्याकडे उरणारी वस्तू नाव हीच आहे.

जुनी_वही (बुधवार, रात्री १०.५५)

शब्द पाळण्याविषयी चाललंय तर क्यूटीचं सांगायलाच हवं.

१९९० च्या दशकात केडीई हा डेस्कटॉप क्यूटी या लायब्ररीवर बांधला जात होता आणि क्यूटी होती ट्रोलटेक या कंपनीची. लोकांची भीती बीजांकुर यांच्यासारखीच: उद्या यांनी दार लावून घेतलं तर? १९९८ मध्ये दोघांनी मिळून एक फाउंडेशन काढलं आणि करार केला. कंपनीने खुली आवृत्ती देणं थांबवलं आणि बारा महिने काही दिलंच नाही, तर फाउंडेशन शेवटची खुली आवृत्ती बीएसडी पद्धतीच्या लायसन्सखाली सोडू शकतं, म्हणजे ती कोणालाही, कशीही वापरता येईल. कंपनीचा दुहेरी परवान्याचा धंदा त्याच दिवशी संपेल. म्हणजे शब्द मोडला तर नुकसान शब्द देणाऱ्याचंच.

पुढे ट्रोलटेक २००८ मध्ये नोकियाने घेतली, नोकियाकडून २०१२ मध्ये क्यूटी डिजियाकडे गेली, नंतर तिची वेगळी कंपनी झाली. मालक बदलत गेले, करार टिकला.

संस्थापक चांगले असतात, मला शंका नाही. पण कंपनी विकली जाते, संस्थापक जातात, आणि "आम्ही कधी असं करणार नाही" हा ब्लॉगवरचा परिच्छेद नव्या मालकाला बांधत नाही. जे बांधतं तेच लिहा.

अर्धवर्तुळ (गुरुवार, सकाळी ६.४५)

दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ब्लेंडर, त्रिमिती चित्रं करायचं सॉफ्टवेअर. ज्या कंपनीत ते वाढलं तिने पैसा उभारला आणि ती बुडालीसुद्धा. हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले. टोन रोझेंडाल यांनी त्यांच्याशी बोलून किंमत ठरवली, एक लाख युरो, आणि २००२ मध्ये लोकांकडे मागितले. सात आठवड्यांत जमले. त्या ऑक्टोबरमध्ये ब्लेंडर जीपीएलखाली बाहेर पडलं. मी तेव्हा शिकत होतो, ते काय होतंय हे कळलंही नव्हतं. आज माझं पोट त्यावर आहे.

कंपनी बुडाली तरी काम तरावं असं वाटत असेल तर तेवढ्यासाठी पहिल्या दिवशीच खुलं करा. नंतर सोडवून घ्यायला दर वेळी एक लाख युरो जमत नाहीत.

बीजांकुर (शनिवार, दुपारी ४.१५)

उशीर झाला, पण दोन दिवस आम्ही तिघं हेच बोलत होतो. ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर अजून सांगा, अजून काही जाहीर केलेलं नाही.

सर्व्हर एजीपीएल, एजंट आणि लायब्ररी अपाची. खरेदीखिडकी, हे थेट तुमचं. सीएलए नाही, फक्त साइन्ड-ऑफ-बाय. माझी दुसरी अडचण खरीच होती: बाहेरचे पॅच आत आले की त्या सर्व्हरला जोडून बंद भाग विकायची वाट आम्हालाही बंद. आमच्यातल्या एकाला हे जड गेलं. तो म्हणाला, आपणच आपले हात का बांधायचे? शुक्रवारी रात्री त्याच्याशी बराच वाद झाला. शेवटी त्यानेच विचारलं की बंद काय ठेवणार आहोत, नावं घ्या. आम्ही यादी करायला बसलो. कंपनी लॉगिन? ते नसेल तर लोक सगळ्यांत एक पासवर्ड वाटून घेतात, आणि बॅकअपचं साधन तसं चालवणं धोक्याचं. नोंदी? त्या नसतील तर अकरा दिवसांचा गोंधळ परत कोणालातरी दिसणार नाही. यादीत एकही ओळ उरली नाही.

पैसे दोन गोष्टींचे: आमच्या मशीनवर रिस्टोअर तपासून देणं, आणि ज्यांना डेटा बाहेर पाठवायचा नाही त्यांच्यासाठी लेखी हमीचा सपोर्ट. जुनी_वही, जुन्या व्हर्जनला तीन वर्षं दुरुस्त्या देऊ असं लिहितोय. दहा लिहायची हिंमत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज कंपनीच्या नावावर, आणि तिघांच्या करारात कलम की कंपनी बंद पडली तर नाव बाहेरच्या मेंटेनरांकडे जाईल.

गुंतवणूकदारांना कळवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, मग एवढी मोठी रक्कम तुम्हाला घेता येणार नाही आणि मला देता येणार नाही. ते खरंच आहे. एक छोटी रक्कम, सल्लागार म्हणून, यावर विचार करतो म्हणाले. तोवर दोघं नोकरी सोडणार, तिसरा अजून वर्षभर सोडणार नाही, त्याच्या पगारातून सर्व्हरचं बिल जाईल.

तिसरी_ओळ, एक विनंती आहे. आमच्या शेड्युलरलाही घड्याळ मागे गेल्यावर काय होतं हे आम्ही कधी तपासलेलं नाही. तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री टेस्ट लिहिली. दीडचं काम दोनदा चाललं.

तिसरी_ओळ (शनिवार, संध्याकाळी ६.०२)

रेपो खुला झाला की दुवा द्या. टेस्ट तशीच लाल ठेवा, पॅच मी पाठवते.